तुरीची चौथी ओळ

मानोरा तालुक्यातील एका तांड्यावरच्या शाळेत माझ्या नोकरीची अखेरची वर्षे गेली. चौथीत एक मुलगी होती. फळ्यासमोर उभी केली की गप्प होई. दिवाळीनंतर तिचे आईवडील ऊसतोडीला जात. ती आजीपाशी राहून शाळेत येई. त्या वर्षी वडिलांनी तिची प्रगती विचारली. मी म्हणालो, "गणित तिच्या आवाक्यातले नाही."

"मंग यंदा संगंच नेतो. लहान्या भावाले सांभाळीन ते."

मी हजेरीपट पुढे ओढला.

त्याच आठवड्यात वर्गात एक उदाहरण घातले. पेरणीयंत्राला सात दाते. सहांतून सोयाबीन, एकातून तूर. पहिल्या फेरीत तुरीची ओळ कितवी? सर्वांनी सातवी लिहिली. मलाही तेच अभिप्रेत होते. तिने चौथी लिहिली. मी लाल फुली मारली.

दुसऱ्या दिवशी पडताळा घेण्यासाठी वर्ग शेजारच्या शेतात नेला. मुलांनी बांधापासून ओळी मोजल्या. पहिली तूर चौथ्या ओळीत निघाली, दुसरी अकराव्या.

"गुरुजी, पेरणारा चुकला," एकजण म्हणाला. सगळे हसले.

"नाही चुकला," ती म्हणाली. "तूर मंधातल्या दात्यात टाकतात. कडच्या दात्यात टाकली तं ट्रॅक्टर पलटून आल्यावर तुरीजवळच तूर येते. पाह्यलं ना मी, बाबासंग पेरताना."

"मग पाचव्या फेरीत तूर बांधापासून कितवी?"

तिने बोटांवर सात-सात वाढवत नेले. "बत्तिसावी."

मी स्वतः चालत जाऊन मोजली. बत्तिसावीच होती.

"हे वर्गात का सांगितले नाहीस?"

"तुमी काहून म्हणून इचारलंच नाही, गुरुजी."

सायंकाळी मी तिच्या घरी गेलो. वडील बैलाला वैरण टाकत होते. मुलीला नेऊ नका, असे मी सांगितले.

"तुमीच तं म्हटलं होतं, तिले गणित येत नाही."

"म्हटले होते. माझे चुकले."

त्यांनी हसत पेंढी खाली ठेवली. "पोरीनं गुरुजीले पकडलं म्हणा." मग हसू मावळले. "पण लहान्याले कोन पाहीन? बुढीच्यानं होत नाही."

"त्यालाही ठेवा. तिच्याबरोबर शाळेत येऊ द्या."

दिवाळीनंतर ऊसतोडीचा ट्रॅक्टर गेला. दुसऱ्या दिवशी ती दप्तर पाठीवर आणि भाऊ कडेवर घेऊन आली. दुपारी तो माझ्या टेबलाखाली झोपला. तिच्यासकट सगळ्या वर्गाला मी दारासमोरच्या कडुलिंबाखाली नेले आणि तो उठेपर्यंत तिथेच शिकवले.