त्यांना सवय असते

जो सर्व देहांत एकाच श्वासाने नांदतो, ज्याला कोणाच्या स्पर्शाने बाट लागत नाही, त्या नारायणाला वंदन करून हे लिहितो. निमित्त एका रुग्णालयातील साथरोगाच्या रंगीत तालमीचे आहे. रुग्णालय नांदेड जिल्ह्यात आहे. त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही.

मी खाटेवर पडलो होतो. खोटा रुग्ण म्हणून. माझ्या तळहातांना आणि छातीला गुलाल फासला होता. खाटेखाली गुलाल कालवलेल्या पाण्याचे थारोळे होते. ती माझी उलटी, असे ठरले होते. गुलाल म्हणजे रोग. तो ज्याच्या अंगाला लागेल, त्याला रोग लागला असे समजायचे.

दोन डॉक्टर आणि दोन परिचारिका आल्या. नखशिखान्त पांढरे झगे, डोळ्यांवर चष्मे, दुहेरी हातमोजे. मला तपासून ते सगळे गेले. मग माझी सून मंगल आत आली. ती तिथे कंत्राटावर सफाईचे काम करते. अंगावर साडी. हातांत पातळ मोजे, त्यातला एक फाटका. तोंडावर स्वतःचाच पदर. तिने वाकून ते थारोळे पुसले. उठली तेव्हा गुलाल तिच्या बांगड्यांना होता, पदराला होता, कपाळाला होता.

खोलीच्या काचेपलीकडून कोणी हसले. "मंगलबाईची होळी झाली बघा!"

मी विचारले, "हिचा झगा कुठे आहे?"

दारात रुग्णालयाचा प्रमुख उभा होता. डॉक्टर विनायक. माझा विद्यार्थी. तो अगदी सहज बोलला.

"गुरुजी, झगे मोजकेच आलेत. आणि तुमच्या लोकांना सवय असते."

तुमच्या लोकांना.

सवय हा शब्द मी प्रथम ऐकला तेव्हा आठ वर्षांचा होतो. रेणापूरकडच्या आमच्या गावात माझे वडील मेलेली जनावरे ओढून नेत. एकदा त्यांचा पाय चिघळला, सुजून घागरीएवढा झाला. पाटलांच्या ओसरीखाली उभे राहून त्यांनी त्या दिवसापुरती सुटका मागितली. वरून उत्तर आले, "तुला सवय हाय की रे." वडिलांनी बैल ओढला. पुढे जन्मभर लंगडत चालले.

संस्कृत मी एका वृद्ध शास्त्रीबुवांकडून शिकलो. ते घरात बसत, मी खिडकीबाहेर. पोथी ते काठीने माझ्याकडे सरकवीत. तरीही त्यांचे ऋण मी मानतो. त्या काठीच्या टोकाला विद्या होती. पुढे मी शाळेत संस्कृत शिकवले. विनायक हा त्याच पाटलांच्या भावकीतला मुलगा. निकालाच्या दिवशी भर वर्गात त्याने माझ्या पायांना हात लावला. तो स्पर्श मी आयुष्याचे फळ समजून जपला होता.

तालमीच्या काही महिने आधी तो आमच्या घरी आला होता. मंगलच्या हातचा चहा प्याला आणि म्हणाला, "गुरुजी, नवेनवे आजार येऊन राहिलेत. उद्या तसा पेशंट आला, तर झगा कसा घालायचा आणि कसा उतरवायचा, हे सफाईच्या बायांना आधी यायला पाहिजे. सगळ्यात जवळ त्याच जातात. सूचना इंग्रजीत आहेत. तुम्ही मराठीत करून द्या."

सगळ्यात जवळ त्याच जातात. हे त्याचेच शब्द.

मी सूचना ओवीत बांधल्या, कारण त्या बायांपैकी कित्येकींना अक्षरओळख नाही. ओवी मात्र तोंडात राहते.

बाहेरचे ते बाहेर । आत न यावे तिळभर ।
मुखपट्टी शेवटवर । हात धुवावे पदोपदी ॥

मंगल हसली होती. सुना आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. "मामा, हे देवाचं हाय का दवाखान्याचं?"

"दोन्हीचं."

"मग चूक झाली तर पाप लागंल का आजार?"

आमच्या अंगणात पाच बाया माझे जुने सदरे उलटे घालून, पाठीकडून गुंड्या लावून सराव करीत. बाहेरची बाजू हाताला लागू न देता सदरा गुंडाळायचा. मंगल तर डोळे मिटून करी. एकदाही चुकली नाही.

आणि आज तिच्या कपाळावर गुलाल होता. तिला येत नव्हते म्हणून नव्हे. तिला दिले नव्हते म्हणून.

विनायक जवळ आला. "उठा गुरुजी, तालीम संपली. तपासणीला आलेलं पथक चहा पिऊन येतंच आहे. अहवालावर नागरिकांच्या वतीने तुमची एक सही लागंल."

मी उठलो नाही.

"रुग्ण बरा झालेला नाही," मी म्हणालो.

"गुरुजी, चेष्टा करू नका."

पथक आत आले. त्यातल्या ज्येष्ठ बाईंनी विचारले, "हे अजून पडून का?"

मी म्हणालो, "मला हात लावू नका. माझ्या अंगावर रोग आहे. हिलाही लावू नका. माझी घाण पुसताना तो हिला लागला. ही आता घरी जाईल, माझ्या नातवाला जेवू घालील. तालमीत तिच्यासाठी कोणती खाट ठेवली आहे?"

ज्येष्ठ बाई विनायकाकडे वळल्या. विनायकाने माझ्याकडे पाहिले नाही.

मंगल माझ्या कानाशी वाकली. "मामा, उठा. माझं काम जाईल."

तिचे खरे होते. माझे निवृत्तिवेतन कोणी थांबवणार नव्हते. रोजी तिची होती. मी कोपर टेकले. उठणार, तोच तिने स्वतःच्या हातांकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग बादली खाली ठेवली आणि शेजारच्या रिकाम्या खाटेवर जाऊन बसली. पांढऱ्या चादरीवर तिच्या हातांचे दोन लाल ठसे उमटले.

"लिवा सायेब," ती म्हणाली. "दोन नंबरचा पेशंट."

आता काचेपलीकडे कोणी हसले नाही.

अहवालात तालीम यशस्वी ठरली. माझी सही त्यावर नाही. मंगलला वॉर्डातून काढून बाहेरचे आवार झाडायला लावले आहे. उरलेले झगे अजून रुग्णालयाच्या कपाटात आहेत, किल्ली विनायकाकडे.

आठवड्याने तो घरी आला. पायांकडे वाकला. मी पाय मागे घेतले. जन्मात प्रथमच.

"गुरुजी, तोंडातून गेलं हो. मनात तसं नव्हतं."

"विनायक," मी म्हणालो, "पुन्हापुन्हा करणे याला मी वर्गात तुला अभ्यास हा शब्द शिकवला. तू केलास तो अभ्यास. माझ्या बापाने केले, माझी सून करते, ती सवय. हा भेद मी तुला शिकवला नव्हता. तो तू घरून आणलास. आणि मी तो तीस वर्षांत पुसू शकलो नाही. ही माझी चूक. पण पाय आता मिळणार नाहीत."

तो गेला. मी त्याला क्षमा केलेली नाही. क्षमेचे श्लोक मला पुष्कळ पाठ आहेत.

दर गुरुवारी आमच्या अंगणात आता पाचांच्या अकरा बाया येतात. सदरे शेजाऱ्यांकडून मागून आणले आहेत. शेवटची ओवी मी नव्हे, मंगलने जोडली; तिला छंदही नाही, यमकही नाही. झगा नाही, तर फडके नाही. खरा रुग्ण येईल त्या दिवशी या अकराजणी दाराशी उभ्या राहतील, हात पुढे करून. कपाट उघडल्यावाचून एकही आत पाऊल टाकणार नाही. त्यांच्या पुढे मी उभा असेन.

वाचका, तुझे घर निरोगी असो. तुझी लेकरे दीर्घायू होवोत, तुझ्या उंबऱ्यावरून रोग माघारी फिरो. आणि आलाच, तर तुझ्या खाटेखालची घाण पुसणाऱ्या हातांना तो न लागो. त्या हातांना वगळून आशीर्वाद देण्याची मला सवय नाही.