दोन पंचम्या आणि एक स्कूटर

माझी साग्रसंगीत पूजा आयुष्यात एकदाच झाली, आणि ती आरोपीच्या पिंजऱ्यात. पूजा करणारी माझी सासू होती. गुन्हा होता स्कूटर रस्त्याच्या चुकीच्या बाजूला उभी करण्याचा. आणि हे सगळं नगरच्या फौजदारी कोर्टात, माणसांनी खच्चून भरलेल्या खोलीत घडलं. आमच्या कॉलनीत हल्ली कुणाची गाडी पोलिसांनी धरली की तो माझ्याकडे येतो आणि विचारतो, "तुम्ही कोर्टात लढला होतात म्हणे. कसं लढायचं?" मी सांगतो, सासऱ्यांना घरी ठेवून.

गोष्ट सत्तर-बाहत्तरच्या सुमाराची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि अधिक महिना आला. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, आणि धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. मी पुण्याला सरकारी कचेरीत नोकरीला होतो. अजून कायम झालो नव्हतो. साहेबांच्या हातापाया पडून मी थोडी रजा काढली, जुनी घेतलेली स्कूटर पुसली, मागे सुमनला बसवलं आणि नगरजवळच्या तिच्या माहेरी दाखल झालो.

मामा, म्हणजे माझे सासरे, बागाईतदार. माणूस पहाडासारखा, पण घरात कॅलेंडर नाही. सगळा कारभार पंचांगावर. पेरणी तिथीवर, देणंघेणं तिथीवर, म्हैस व्यायली तीही त्यांच्या हिशेबी चतुर्थीला. मी उंबऱ्यात पाय ठेवताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "रजा किती दिसांची हाय?" मी सांगितली. त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं आणि निकाल दिला, "म्हंजी सप्तमीपातुर ऱ्हायचं. अष्टमीला सकाळी निघा. काळजी करू नगा, ध्यान ठेवायला म्या हाय."

मी काळजी सोडून दिली. (ही माझी पहिली चूक. दुसरी, पुरणपोळीवर तुटून पडण्याची.) रोज सकाळी पुरणाचे धोंडे, दुपारी पोळ्या, संध्याकाळी "काहीच खाल्लं न्हाई पाव्हण्यांनी" म्हणून पुन्हा पोळ्या. अशा माणसाला तारीख कशी ठाऊक असणार? वार विचाराल, तर सासुरवाडीला सगळे वार रविवारच असतात.

पंचमीला मामा मला घेऊन नगरच्या बाजारपेठेत गेले. जावयाला कापड घ्यायचं होतं. त्या पेठेत तेव्हा नुकतीच पाटी लागली होती, की विषम तारखेला गाड्या या बाजूला लावाव्यात आणि सम तारखेला त्या बाजूला. मामांनी पाटी मोठ्यानं वाचली, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "आज पंचमी. पाच म्हंजी विषम. लावा हिकडंच."

मी लावली. कापड घेतलं, परत आलो, स्कूटर जागेवर होती, कुणी काही बोललं नाही. योगायोगानं त्या दिवशी तारीखही विषम होती. आता हे मला कुठं माहीत?

घरी गेल्यावर मामींना, म्हणजे सासूबाईंना, कापडाचा रंग पसंत पडला नाही. "नारायणाला असला मातकट रंग?" म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही ते बदलायला पुन्हा पेठेत. या वेळी मी स्कूटर त्या बाजूला वळवायला लागलो, तर मामांनी मागून माझा खांदा धरला.

"तिकडं कुठं?"

"मामा, काल या बाजूला लावली होती ना? आज बाजू बदलणार."

"कशापायी बदलंल? आज बी पंचमीच हाय."

"काल पंचमी होती ना?"

"काल बी हुती, आज बी हाय. वृद्धी तिथी हाय ही, दोन दिस ऱ्हाती. पंचांग बघा."

पंचांगात असं होतं खरं. एखादी तिथी पाहुण्यासारखी एक दिवस जास्त मुक्काम करते. आता मी पदवीधर माणूस. तिथी मुक्कामाला राहिली म्हणून तारीख राहत नाही, हे मला समजायला हवं होतं. पण भर उन्हात, पोटात पाच पोळ्या, खांद्यावर सासऱ्यांचा हात, आणि मी नारायण. नारायणाने वाद घालू नये, म्हणून मी कालच्याच जागी स्कूटर लावली.

बाहेर येऊन पाहतो तर स्कूटरशेजारी हवालदार उभा. "गाडी कुनाची हाय?"

"जावयाची," मामा छाती काढून म्हणाले.

"आज सम तारीख हाय. गाडी पल्याड पायजे."

"आज पंचमी हाय."

"आवो, तारीख म्हनतोय म्या, तिथी न्हाई."

"मंग तारीख कोन ठरवितं? तुमी?"

हवालदारानं मामांशी बोलणं सोडलं आणि माझं लायसन काढून घेतलं. "परवा कोर्टात या. गुन्हा कबूल म्हनायचं, बारकासा दंड भरायचा, लायसन घिऊन घरी जायचं. सोपं हाय."

मला सोपं वाटलं नाही. आमच्या कचेरीत कायम होण्याआधी एक छापील कागद भरावा लागे. त्यात विचारलेलं असे, 'कोणत्याही फौजदारी न्यायालयात शिक्षा झाली आहे काय?' तो कागद माझ्या टेबलाच्या खणात पडून होता आणि पुढच्याच महिन्यात भरायचा होता. दंड म्हणजे शिक्षाच की. मी तिथं 'होय' लिहिलं की नोकरी गेली, नोकरी गेली की पुण्याची खोली गेली, आणि मग मी कायमचा सासुरवाडीला.

मामांचं दुःख वेगळं होतं. "धोंड्याच्या म्हयन्यात माज्या जावयाला दंड? गावात तोंड कसं दावू? आपुन लढायचं."

"वकील करू या का?"

"वकिलाला पंचांग कळतं व्हय? म्या बोलतो."

इथं तरी मी 'नको' म्हणायला हवं होतं. पण माझ्यापाशी दुसरा बचावच नव्हता. मी चुकलो होतो हे मला माहीत होतं, हवालदाराला माहीत होतं, पेठेतल्या प्रत्येक दुकानदाराला माहीत होतं. जगात मी निर्दोष आहे असं छातीठोकपणे म्हणणारा एकच माणूस होता, आणि तो पंचांग घेऊन यायला तयार होता.

कोर्टाच्या दिवशी सकाळी नवीनच घोळ झाला. मामींनी अधिकाचं वाण द्यायचा दिवस नेमका सप्तमीच धरला होता. तांब्याचं ताट, त्यात अनारशांची रास, वर तुपाचा दिवा. ते जावयाला दिल्याशिवाय मामी पाणीसुद्धा पिणार नव्हत्या, आणि पंचांगाप्रमाणे सप्तमी दुपारच्या आतच संपत होती.

"तुमी जावा म्होरं," मामी म्हणाल्या. "तुमचं झालं की तिथंच दिईन. कोर्टाला अंगण आसंलच की."

आमचा नंबर काही लवकर लागेना. कोंबडीचोरी झाली, बांधाची भांडणं झाली, कुणी कुणाला शेण फेकून मारलं तेही झालं. मामी भिंतीकडेला ताट मांडीवर घेऊन, दर थोड्या वेळानं मामांना विचारत होत्या, "ऱ्हायली का न्हाई अजून?" आणि मामा पंचांगात बघून म्हणत होते, "हाय, पर लई न्हाई." शेवटी माझं नाव पुकारलं. मी पिंजऱ्यात जाऊन उभा राहिलो.

मॅजिस्ट्रेटसाहेब तरुण होते, चष्म्याआडून थकलेले. "गुन्हा कबूल?"

"नाही, साहेब."

त्यांनी मान वर केली. सकाळपासून पार्किंगवाल्यांपैकी 'नाही' म्हणणारा मी पहिला असणार. "तुमचं म्हणणं काय?"

"आमचं म्हननं म्या सांगतो," म्हणत मामा पुढे झाले आणि त्यांनी पंचांग थेट साहेबांच्या टेबलावर उघडून ठेवलं. "ही बगा साहेब, ही पयली पंचमी आन ही दुसरी. पाटीवर विषम लिव्हलंय. पंचमी विषम का न्हाई, तुमीच सांगा."

"पंचमी विषम आहे," साहेब म्हणाले.

"मंग सुटला की आमचा जावई."

"सरकारी पाटी तारखेची असते हो. तिथीची नाही."

"तारीख इंग्रजाची, साहेब. त्यो गेला की कवाच."

खोलीत हशा पिकला. साहेबांनी हसू दाबलं असावं, कारण त्यांनी पंचांग हातात घेऊन खरंच वाचायला सुरुवात केली. मला आशा वाटू लागली. वाचता वाचता ते म्हणाले, "पण हवालदारानं गाडी धरली दुपारी. तोवर तुमची दुसरी पंचमी संपून षष्ठी लागली होती. षष्ठी सम. म्हणजे तुमच्या पंचांगानंसुद्धा गाडी चुकीच्याच बाजूला होती."

मामांचा चेहरा पडला. पण क्षणभरच. "साहेब, सूर्य उगवताना जी तिथी, तीच दिसभर धरायची आसती."

"ते उपासाला. स्कूटरला नाही."

मी डोळे मिटले. पुण्याची खोली, टेबल, तो छापील कागद, सगळं डोळ्यांपुढून जाऊ लागलं. तेवढ्यात पायावर गार पाणी पडलं. डोळे उघडले तर मामी. सप्तमी संपत आली होती आणि त्यांनी वाट बघणं सोडलं होतं. पिंजऱ्याच्या फटीतून त्यांनी माझे पाय धुतले, हळदकुंकू लावलं, आणि वात पेटवून ताट वर केलं.

"हालू नगा, जावईबापू. हात म्होरं करा."

शिपाई ओरडला, "अहो बाई, आग, आग." हवालदार धावला. मी दोन्ही हातांत अनारशांचं ताट धरून, दिवा विझू नये म्हणून श्वास रोखून उभा. मामींनी पिंजऱ्यापुढे जमिनीवर डोकं टेकलं.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"वान हाय, साहेब," मामा म्हणाले. "अधिकाचं. बायकू सकाळधरनं पान्यावाचून हाय."

साहेबांनी माझ्याकडे, म्हणजे दिव्यामागच्या माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चष्मा काढला. "मलाही आज रात्री सासुरवाडीला जेवायला बोलावलंय," ते म्हणाले. "या महिन्यात मी कुणाच्या जावयाला शिक्षा केली असं तिथं कळलं, तर मला ताटावर बसता यायचं नाही. दंड नाही, शिक्षा नाही. ताकीद देऊन सोडतो. लायसन घ्या."

मला रडूच आलं. शिक्षा नाही. कागदावर 'नाही' लिहायचं. मामांनी मला मिठी मारली, त्यात दिवा विझला.

"सरकारी नोकर दिसता," साहेब खटल्याचा कागद बघत सहज म्हणाले. "रजेवर आहात?"

"हो साहेब, आजचा शेवटचा दिवस." आणि कोणत्या तारखेपर्यंत, तेही मी ऐटीत सांगितलं.

"ती तारीख काल झाली," साहेब म्हणाले, आणि त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं.

मी मामांकडे पाहिलं. मामा पेरांवर मोजत होते. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं, आणि हळूच म्हणाले, "ती दुसरी पंचमी धरायची ऱ्हायली वाटतं."

स्कूटर पुण्याच्या रस्त्याला लागल्यावर मी सुमनला विचारलं, "रजा संपली हे तुला तरी कळलं नाही?"

"कळलं होतं," ती मागून म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही वाढवून घेतली असेल. जेवणावरून तसंच वाटत होतं."

कचेरीत साहेबांनी विचारलं, गैरहजेरीचं कारण काय, आणि पुरावा कुठे आहे. पुरावा एकच होता. मी त्या दिवशी नगरच्या फौजदारी कोर्टात आरोपी म्हणून हजर होतो. जो खटला साहेबांच्या कानावर जाऊ नये म्हणून मी पंचांगाच्या आधारे लढलो होतो, त्याच्याच निकालाची नक्कल मला मामांकडून मागवावी लागली. मामांनी ती तातडीनं पाठवली. वर हळदकुंकू लावून, आणि सोबत पंचांगाचं पान जोडून, दोन्ही पंचम्यांभोवती तांबड्या पेन्सिलीनं गोल करून.

साहेबांनी दोन्ही कागद शांतपणे वाचले, पुन्हा वाचले, आणि मला कायम केलं. मी तिथे आवक-जावक कारकून होतो. येणाऱ्या प्रत्येक टपालावर तारखेचा शिक्का मारणं, एवढंच माझं काम. साहेबांनी तो शिक्का त्याच दिवशी माझ्याकडून काढून घेतला आणि शिपायाकडे दिला.