मामांचा डच सरखेल

समुद्र न पाहता उभा जन्म आरमारात काढलेला माणूस जगात एकच असेल, आणि तो माझा सासरा आहे. मी त्यांना मामा म्हणतो. अहमदपुरात त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला. समुद्र त्यांना भेटला तो नकाशातल्या निळ्या रंगात, तेवढाच. तरीही साडेतीनशे वर्षांपूर्वीचा एक डच आरमारप्रमुख त्यांच्या घरी कायमचा मुक्कामाला आहे. त्याचं नाव मामा दर वेळी निराळं उच्चारतात, म्हणून आम्ही कुणीच ते घेत नाही. घरात त्याला नुसतं सरखेल म्हणतात.

शाळेची जुनी पुस्तकं रद्दीत निघाली तेव्हा त्याचं कव्हर फाटलेलं इंग्रजी चरित्र मामांच्या हाती लागलं. पहिल्याच प्रकरणात होतं की हा माणूस पोरवयात दोराच्या कारखान्यात चाक फिरवायचा आणि अकराव्या वर्षी जहाजावर चढला. मामा त्या पानावरच थांबले. त्यांचे वडील अंबाडीचे दोर वळून बाजारात विकायचे, आणि दोराचं चाक मामांनी मॅट्रिक होईपर्यंत फिरवलं होतं. "दोराचं चाक फिरवणारं पोरगं आरमाराचं मालक झालं, जावईबापू," ते पुढे लग्नानंतर मला म्हणाले होते. "आन् हे आम्हाला कुण्या मास्तरानं सांगितलंच न्हाई."

त्या दिवसापासून घराचा कारभार सरखेलाच्या मताने चालू झाला. चार दिवसांची घनघोर लढाई संपल्यावर दुसऱ्या दिवशी हा गडी स्वतःची खोली झाडताना आणि कोंबड्यांना दाणे टाकताना सापडला होता, म्हणून मामाही रोज सकाळी खोली झाडू लागले. कोंबड्यांना मात्र सासूबाईंनी साफ नकार दिला. मुलगी बघायला गेलो तेव्हा पगाराबिगाराची चौकशी न करता मामांनी मला विचारलं, "लढाईच्या दुसऱ्या दिवशी सेनापती काय करतो?" मी म्हणालो, आराम. मामांचा चेहरा पडला. मुलगी दिली ती सासूबाईंच्या आग्रहाखातर. लग्नात पंगत बसली तर यांनी पाण्याचे ग्लास मांडून, इंग्रजांच्या नदीतली लोखंडी साखळी तोडून सरखेलाने त्यांचं सगळ्यात मोठं जहाज कसं ओढून नेलं, ते वऱ्हाडाला दाखवलं. त्यात माझ्या थोरल्या काकांचा मठ्ठा नेदरलँडला गेला, तो परत आला नाही. एसटी स्टँडवर नांदेडची गाडी लागली की मामा लोकांना एकामागे एक उभं करायचे, कारण जहाजं अशीच रांगेत लढतात. कंडक्टर एकदा वैतागून म्हणाला, "गुरुजी, लोकं चढून राहिलेत, लढून न्हाई राहिले!"

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एके दिवशी मोंढ्यात, म्हणजे आमच्याकडच्या धान्यबाजारात, सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी मामांच्या अंगावर कोसळली. गुडघ्याखाली हाड मोडलं, जखम उघडी, त्यात साखरेचा आजार. नांदेडच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. मी लातूरहून पोचलो तेव्हा मामा शुद्धीवर होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "कोणता पाय हाय?"

"डावा."

"त्याचा बी डावाच. तोफेचा गोळा लागला. वय एकोणसत्तर." मामांना गेल्याच महिन्यात एकोणसत्तर पूर्ण झाली होती. "ताप आला, आन् सातव्या दिवशी गेला."

मी हसलो. डॉक्टरही हसले. म्हणाले, "गुरुजी, त्यांच्याकडे अँटिबायोटिक नव्हतं." पण तिसऱ्या दिवशी मामांना खरंच ताप भरला, आणि मग कुणी हसेना. जखमेत पू झाला होता. ती पुन्हा उघडून धुतली. चौथा दिवस, पाचवा दिवस, ताप हटेना. डॉक्टर माझ्या बायकोला बाजूला घेऊन म्हणाले, पाय वाचवायचा की माणूस, हे उद्या-परवा ठरवावं लागेल. ती जिन्यात जाऊन रडली. मामा मात्र शांत होते, आणि त्या शांतपणाचीच मला भीती वाटली. जेवण पुढे आलं की तोंड फिरवायचे. सगळं आधीच छापून आलंय, आपण फक्त शेवटचं पान उलटायचं, अशा हिशेबाने ते पडून होते.

सहाव्या दिवशी दुपारी त्यांनी चरित्र माझ्या नावावर केलं. सासूबाई पेज घेऊन बसल्या होत्या. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"त्या सरखेलाची बायको कुठं होती तवा?"

मामा गडबडले. हा प्रश्न इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. "घरी. तो लई लांब होता, इटलीकडं, जहाजावर."

"मग? त्याच्याजवळ कुणी नव्हतं म्हणून गेला तो. मी हितं हाय. तोंड उघडा."

मामांनी तोंड उघडलं. वाटी संपवूनच सासूबाई उठल्या.

सातव्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला. आठव्या दिवशी डॉक्टरांनी जखम पाहिली, बोटं हलवून घेतली आणि म्हणाले, "पाय राहिला." सासूबाई आठ दिवसांत पहिल्यांदा निवांत खुर्चीत टेकल्या, आणि बसल्या बसल्या झोपल्या. मी खाली जाऊन दोन कप चहा लागोपाठ प्यालो. जिलेबी घेऊन वर आलो, तर मामा खिडकीतून रस्त्याकडे बघत होते. मला वाटलं, खूश असतील.

"जावईबापू, त्याचं पुस्तक कालच संपलं," ते हळू आवाजात म्हणाले. "आजचा दिवस त्यानं बघितलेलाच न्हाई."

याला आता दोन वर्षं झाली. मामा काठी घेऊन मोंढ्यापर्यंत जातात, थोडे लंगडतात. सरखेलाची गोष्ट अजून सांगतात, पण आवाज पूर्वीसारखा चढत नाही. परवा मी कारण विचारलं. काठी मांडीवर आडवी ठेवून ते म्हणाले, "तो एकोणसत्तरचाच राहिला, आन् मी एक्काहत्तरचा झालो. माझ्याहून ल्हान हाय आता तो." आणि एखाद्या गेलेल्या धाकट्या भावाच्या आठवणीने व्हावं तसं त्यांचं तोंड झालं.