तबकडीवरचा ऑर्व्हल

ऑर्व्हल स्ट्रिकलंडचा आवाज जड होता. जातं फिरावं तसा घरघरायचा, पण सुरातून हलायचा नाही. आर्कान्सातल्या पेल क्रॉसिंग गावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये तो गासड्या दाबायच्या यंत्रावर उभा असे आणि रविवारी चर्चमध्ये खालच्या पट्टीत भजनं म्हणे. वय एकोणतीस, दोन मुलींचा बाप, पोट जरासं सुटलेलं. अशा माणसाने रॉक अँड रोलच्या नादी लागायला नको होतं. पण छप्पन्न साली त्या गाण्याचं वारं कुणाला लागलं नव्हतं? हमरस्त्यावरच्या बिअरच्या गुत्त्यांत तो दर शनिवारी गिटार वाजवायचा. बायको नेल्डा म्हणायची, "जिनमध्ये घाम गाळतोस तो कमी पडतो का रे?" वर शर्टाला इस्त्रीही करून द्यायची.

त्या ऑगस्टमध्ये मेम्फिसला मिस्टर हॅचेल नावाच्या गृहस्थाच्या स्टुडिओत त्याने तबकडीसाठी स्वतःचं गाणं म्हटलं. लुरलीन नावाची मुलगी नावेत बसून निघालीय आणि काठावरचा तिला "थांब" म्हणतोय, एवढंच गाणं. एका दुपारचं काम होतं. परत येताना बसमध्ये ऑर्व्हल सगळा वेळ हसत होता.

ऑक्टोबरात जिनचा हंगाम ऐन भरात असताना ते रेडिओवर लागलं. अंगणात कापसाच्या ट्रकांची रांग होती. सगळे कामं टाकून एका ट्रकच्या खिडकीशी गोळा झाले. आणि आतून सतरा वर्षांच्या पोराचा पातळ, धावता आवाज आला.

"हे कोण रे?" म्हातारा फोरमन क्लीटस म्हणाला.

"मीच," ऑर्व्हल म्हणाला. पण त्याचं त्यालाच खरं वाटेना.

घरी नेल्डा तर पोट धरून हसली. "अगं बाई! हे कोंबडीचं पिल्लू कुणाचं?"

त्याने दुकानातून मेम्फिसला फोन लावला.

"मिस्टर हॅचेल, तबकडीवर मी नाहीये हो."

"तूच आहेस, बाळा. मी फक्त टेप जरा जोरात पळवली, की आवाज कोवळा होतो. गासड्या दाबणाऱ्या बाप्याचा आवाज पोरी विकत घेतील होय? त्यांना शेजारच्या बाकावरचा मुलगा हवाय."

"पण मला तसं गाता येत नाही."

"येत नाही कसं? गायलायस की! आणि हे बघ, कुठे बोलू नकोस. दुकानदार खोकीच्या खोकी परत पाठवतील, आणि मग दुसरी तबकडी विसर."

हॅचेल चोर असता तर बरं झालं असतं, चोराला शिव्या तरी घालता येतात. तो ठरल्याप्रमाणे पैसे पाठवायचा आणि ख्रिसमसला मुलींना संत्र्यांची पेटीही.

तबकडी तुफान चालली. गावोगावची बोलावणी येऊ लागली आणि ऑर्व्हलच्या मागे साडेसाती लागली. स्वतःच्या पट्टीत गायला की पोरं ओरडायची, "हा नको, खरा पाठवा!" तबकडीच्या पट्टीत गायला गेला की दुसऱ्याच कडव्याला घसा फाटायचा. व्हिनेगरच्या गुळण्या झाल्या, मध झाला, पहाटे कापसाच्या शेतात उभं राहून किंचाळून झालं. स्वतःच्याच गाण्यामागे धावत होता बिचारा, आणि ते काही हाती लागत नव्हतं. बोलायची तर सोय नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

बाहेरच्यांचं त्याने सोसलं. पण हळूहळू पेल क्रॉसिंगमध्येच कुजबुज सुरू झाली. गाणं दुसऱ्याच कुणा पोराचं आहे, ऑर्व्हलने नुसतं नाव लावलंय. चर्चमध्ये त्याच्या शेजारचा गाणारा एक खुर्ची सोडून बसू लागला. क्लीटस तर तोंडावर म्हणाला, "गरिबी परवडली ऑर्व्हल, खोटेपणा नाही परवडत." ते मात्र त्याच्या जिव्हारी लागलं. दुसरी तबकडी गेली खड्ड्यात, निदान आपल्या माणसांनी तरी आपल्याला ओळखावं, एवढीच आता त्याची इच्छा उरली.

पुढे चोवीस वर्षं तो त्याच यंत्रावर राहिला आणि पुन्हा कुठे गायला नाही, चर्चमध्येसुद्धा. ते सगळं सत्तावन्नच्या एप्रिलमधल्या एका दुपारी ठरलं.

शाळेच्या बँडला नवे गणवेश हवे होते, म्हणून शाळेच्या व्यायामशाळेत त्याचा कार्यक्रम ठेवला होता. सगळं गाव आलं. पहिलं कडवं संपतंय तोच मागून जिनमधलंच कुणीतरी ओरडलं, "अरे, ज्याने गायलंय त्याला आणा ना!" लोक हसले. ऑर्व्हलने गिटार खाली ठेवली. संगीताच्या बाईंकडून, मिस प्रूइटकडून, त्याने शाळेचा रेकॉर्ड प्लेअर मागून घेतला आणि माइकसमोर टेबलावर ठेवला.

"एकदाच ऐका," तो म्हणाला. "हॅचेलने टेप पळवलीय. मी ती माझ्या वेगावर आणतो."

त्याने तबकडी लावली आणि तिच्या कडेवर बोट हलकेच टेकवलं. पोराचा आवाज अडखळला, खाली आला, जाड झाला, घरघरू लागला. आता तो आवाज ऑर्व्हलचा होता. मग ऑर्व्हल स्वतःही सोबत गाऊ लागला. दोन्ही आवाज श्वासाला श्वास जुळून चालले, कुठे वेगळे काढता येईनात.

क्लीटस उठला. त्याने हॅट काढली. "तूच आहेस रे बाबा," तो म्हणाला. "चुकलो मी. माफ कर."

ऑर्व्हलचे डोळे भरून आले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्याला मोकळा श्वास घेता आला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. दहावीतली असेल, मोठी गोड आणि वळणाची. "खूप छान झालं, मिस्टर स्ट्रिकलंड," ती म्हणाली. "आता बोट काढता का?"

कुणी हसलं नाही. तिने चेष्टा केलीच नव्हती. बाकीची पोरं ओठ दाबून वाट बघत होती, खुर्च्या आधीच मागे सरकवल्या होत्या.

ऑर्व्हलने बोट काढलं. आवाज उसळून वर गेला, पोरगा पळत सुटला, आणि सगळी व्यायामशाळा नाचू लागली. गाणं संपलं की "पुन्हा!" असा ओरडा होई, आणि तो पुन्हा सुई ठेवी. चौथ्यांदा ठेवताना त्याने नेल्डाकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघून रडत होती, आणि खाली तिचा पाय ताल धरत होता.