फर्स्ट लेडीचं पातळ श्रीखंड

मला त्या काचेचा राग येतो. वॉशिंग्टनच्या म्युझियममध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या बायकांचे झगे ज्या काचेआड उभे करून ठेवलेत, त्या काचेचा. आम्ही वॉशिंग्टनजवळ अ‍ॅशबर्नला राहतो, म्हणजे भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला वॉशिंग्टन दाखवणं आलंच. नवऱ्याचा मार्ग ठरलेला आहे: आधी व्हाइट हाउसच्या कुंपणाबाहेर फोटो, मग डब्यातली पुरी-भाजी, मग झगे. चौदा वर्षांत मी त्या काचेपुढे किती वेळा उभी राहिले असेन, ते मलाही सांगता यायचं नाही.

तिथे लोक काय बोलतात ते मला तोंडपाठ आहे. केवढीशी कंबर होती हिची! हिला रंगच कळत नव्हता वाटतं. एवढा पैसा, आणि हे असलं कापड? त्याच दालनात या बायकांनी कामं काय केली, त्याच्याही पाट्या आहेत. त्या वाचायला कुणी थांबत नाही.

आणि लोकांना कशाला नावं ठेवू? मीही त्यातलीच. एक अध्यक्ष आजारपणाने अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याच्याकडे येणारे कागद त्याच्या बायकोने आपल्या हातात घेतले होते. तिची गोष्ट मी पाहुण्यांना मीठमसाला लावून सांगायचे. "बाईने देशच चालवायला घेतला हो!" म्हणून वर हसायचे. अंथरुणावर पडूनही त्याने खुर्ची सोडली नव्हती, हे मात्र मी कधी सांगितलं नाही.

ऑफिसातही तेच. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेते. आमच्या लंचच्या टेबलावर दोन्ही पक्षांचे लोक असतात, त्यामुळे अध्यक्षांविषयी सगळे जपून बोलतात. बायकोची वेळ आली की मात्र कुणाच्या जिभेला हाड राहत नाही. एक हसत नाही म्हणून गर्विष्ठ, दुसरी फार हसते म्हणून खोटी. एकीने दंड उघडे टाकले म्हणून चर्चा, एकीने आपली नोकरी सोडली नाही म्हणून चर्चा, आणि तिच्या नावामागे डॉक्टर लावायचं की नाही यावर शहाणीसुरती माणसं भांडलेली मी पाहिली आहेत. इतिहासकार तर या बायकांना परीक्षेसारखे क्रमांकही देतात. ज्या कामाला पगार नाही, ज्या कामासाठी कुणी निवडून दिलेलं नाही, ज्याचा देशाच्या घटनेत एका शब्दाने उल्लेख नाही, त्या कामाची परीक्षा! आणि हे सगळं मला कळत होतं, पण लांबून कळत होतं. गेल्या वर्षी माझा नवरा इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष झाला आणि ते सगळं माझ्या घरात येऊन बसलं.

निकाल लागला त्याच दुपारी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "अभिनंदन! आणि आमच्या नव्या फर्स्ट लेडीलाही!" खाली हसरी तोंडं आणि फुलं. मीही एक हसरं तोंड टाकलं. ती माझी पहिली चूक.

पंधरा दिवसांत मला कळलं की गणपतीचे मोदक मी बघायचे, हळदीकुंकवाला मी दारात उभं राहायचं, भारतातून आलेल्या कलाकारांची पथ्यं मी सांभाळायची. मला कुणी विचारलं नाही. मी नवऱ्याला म्हटलं, "यात मी कुठे आले? इलेक्शन तू लढवलंस."

"यार, एक वर्षाचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला. "सगळ्याच प्रेसिडेंटच्या बायका करत आल्यात."

संक्रांतीला मी ऑफिसातून थेट हॉलवर गेले, पँट-शर्टात. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो आले आणि खाली एक शेरा: "फर्स्ट लेडी इतक्या साध्या?" त्याला सतरा लाइक्स होते. मी मोजले. माझ्या हातचे तिळगूळ त्याच लोकांनी डबे भरभरून नेले होते.

मंडळाला चाळीस वर्षं होत होती आणि स्मरणिका निघणार होती. त्यात कमिटीला एक पान हवं होतं, "आपल्या फर्स्ट लेडीज". आजवरच्या सगळ्या अध्यक्षांच्या बायकांचे फोटो आणि खाली एकेक गमतीदार किस्सा. ते पान अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. सोबत प्रश्नांचा छापील कागद: आवडता पदार्थ, आवडती साडी, यजमानांच्या यशातला तुमचा वाटा. तो शेवटचा प्रश्न वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरीही कागद घेऊन मी निघाले, कारण पहिल्या अध्यक्षांच्या बायकोला भेटायची मला उत्सुकता होती.

पहिल्या अध्यक्षांच्या मिसेस म्हणजे आमच्या सगळ्यांच्या काकू. वय ऐंशीच्या पुढे, काका जाऊन सहा वर्षं झालेली, घरात एकट्या राहतात. मंडळात त्या एकाच गोष्टीसाठी प्रसिद्ध आहेत: पहिल्या पाडव्याला त्यांनी केलेलं श्रीखंड इतकं पातळ झालं की लोकांनी ते पेल्यातून प्यायलं. दर पाडव्याला ही गोष्ट कुणीतरी सांगतंच. मी तर अमेरिकेत आले तेव्हा ते श्रीखंड होऊन पंचवीस वर्षं उलटली होती, तरी मी ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी रंगवून सांगायचे. नव्या मुलींना तर हटकून सांगायचे. "स्ट्रॉ वाटल्या होत्या म्हणे," ही भर माझी.

काकूंनी चहा केला, प्रश्नांचा कागद वाचला आणि घडी घालून बशीखाली ठेवला. मग आतून एक जुनी फाइल आणली. त्यात मंडळाची घटना होती, पहिली, हाताने लिहिलेली. सुवाच्य, बारीक अक्षर, मध्ये मध्ये खाडाखोड.

"हे काकांचं अक्षर?" मी विचारलं.

"डॉक्टरचंच आहे," काकू म्हणाल्या. "पण माझं."

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. पस्तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरमध्ये उभ्या राहिल्या. दोन केसेसच्या मध्ये वेळ मिळे तेव्हा लॉकर रूममध्ये बसून त्यांनी ही घटना लिहिली, कारण काका हृदयाचे डॉक्टर, त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. हॉल मिळवला काकूंनी, करारावर सही काकूंची. सभांच्या जुन्या वहीत मात्र एवढंच: अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी चहापान दिले.

"यात अध्यक्षांच्या बायकोने काय करायचं, त्याबद्दल काहीच नाही," पानं उलटत मी म्हटलं.

"मुद्दाम नाही लिहिलं. लिहिलं असतं तर कम्पल्सरी झालं असतं." काकू हसल्या. "तरी झालंच बघ."

मग मी, निर्लज्जासारखी, श्रीखंडाचं विचारलं.

"ते यांनी केलं होतं," काकू म्हणाल्या. "मी त्या दिवशी थिएटरमध्ये. यांना सांगून गेले होते की दही उशीच्या अभ्र्यात बांधून रात्रभर नळाला टांगा. यांनी सकाळी टांगलं आणि दुपारी साखर घातली."

"मग तुम्ही कधी सांगितलं का नाही?"

"अध्यक्ष होते ना ते. सगळे हसत होते. मला वाटलं, मला हसले तर काय बिघडतं." त्यांनी फाइल मिटली. "चाळीस वर्षं हसतील असं नव्हतं वाटलं."

तिथेच पाय धरून सांगावंसं वाटलं की काकू, त्या स्ट्रॉ माझ्या होत्या. सांगितलं नाही. धीर झाला नाही.

निघताना काकूंनी माझा हात धरला. "श्रीखंडाचं छापू नकोस. खरंही नको आणि खोटंही नको, हे गेले आता. घटनेचंही राहू दे. फक्त माझ्या नावामागे डॉक्टर लाव. मंडळाच्या एकाही कागदावर ते नाही गं. मी आहे तोवर एकदा बघू दे."

मी शब्द दिला. घरी येऊन पान तसंच तयार केलं. बाकीच्या बायकांनाही फोन करून पदार्थांऐवजी कामं विचारली. एकीने बँकेत उभा जन्म काढला होता, एकीने शाळेची बस चालवली होती, आणि ते सांगताना दोघींचाही आवाज बदलला. काकूंच्या नावामागे मी डॉ. लावलं आणि पान कमिटीला पाठवलं.

वर्धापनदिनाला हॉल भरला होता. स्मरणिका त्याच संध्याकाळी छापखान्यातून आल्या होत्या, मीही पाहिली नव्हती. काकू पहिल्या रांगेत, मोतिया रंगाच्या साडीत, वाचायचा चष्मा हातात घेऊनच बसलेल्या. त्यांना स्टेजवर बोलावलं, मी शाल घातली, आणि निवेदिकेने स्मरणिकेतलं ते पान मोठ्याने वाचलं. आधी सौ. लावून काकूंचं नाव, आणि खाली किस्सा: यांच्या हातचं श्रीखंड आम्ही पेल्यातून प्यायलो!

हॉल हसला. काकूही हसल्या, सवयीने. मी माझ्या हातातली प्रत उघडली. डॉ. नव्हतं. बँक नव्हती, बस नव्हती. सगळ्या बायकांमागे एकसारखं सौ. आणि खाली बटाटेवडे, पैठण्या, श्रीखंड. मला माइक हिसकावून घ्यायचा होता. पण श्रीखंडाचं बोलायचं नाही, हा शब्द मीच दिला होता. काकूंनी चष्मा लावला, पान पाहिलं, चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. मी नुसती उभी होते, हातात नारळ घेऊन.

गाडीत मी नवऱ्याला विचारलं, "माझं पान कोणी बदललं?"

"मीच. फायनल प्रूफला. तू ऑफिसात होतीस," तो म्हणाला. "फॉरमॅट युनिफॉर्म ठेवायचा होता. एकीला डॉक्टर लावलं तर बाकीच्यांना वाईट वाटेल ना? आणि श्रीखंड तर लोकांना आवडतंच."

मी तोंड उघडलं असतं तर गाडी रस्त्यात थांबवावी लागली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर एकच गदारोळ. काका सहा वर्षांपूर्वी गेले आणि तुम्ही काकूंना सौ. छापता? लाज कशी वाटत नाही? अशुभ आहे हे! फोनवर फोन. नवऱ्याचा चेहरा उतरला. कमिटीची तातडीची मीटिंग झाली, जाहीर माफी मागितली गेली, आणि घाईघाईने छोटे स्टिकर छापायला दिले: श्रीमती. उरलेल्या सगळ्या प्रतींवर ते सौ.च्या जागी चिकटवायचे होते. एवढा गोंधळ, एवढी माफी, आणि त्यात एकाही माणसाला डॉक्टर हा शब्द आठवला नाही. माझ्याही नावाने एक मेसेज होता: कालची साडी छान होती.

मी काकूंना फोन केला. मला रडू येत होतं, आणि रागाने येत होतं. मी सगळं कबूल केलं, स्ट्रॉसुद्धा.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझे अध्यक्ष सकाळी येऊन गेले. फार वाईट वाटलं म्हणाले, सौ. पडलं म्हणून. मी म्हटलं, अरे, हे होते तेव्हा सौ., गेले तेव्हा श्रीमती. दोन्ही यांच्यावरूनच ठरलं. डॉक्टर मी स्वतः झाले होते."

"मग काय म्हणाला?"

"पुढच्या अंकात बघतो म्हणाले." काकूंचा आवाज पहिल्यांदा चढला. "मी चौऱ्याऐंशीची आहे! कुठला पुढचा अंक? आणि ऐक, ते श्रीखंडाचंही सांग आता. सगळ्यांना सांग. पुरे झालं."

म्हणून हे सांगते आहे. श्रीखंड अध्यक्षांनी बिघडवलं होतं.

रविवारी सकाळी नवरा गॅरेजमध्ये खोकी उघडून बसला होता. एकेक स्मरणिका काढायची, ते पान उघडायचं, काकूंच्या फोटोखाली स्टिकर लावायचा. मला म्हणाला, "जरा बस ना मदतीला. दोघांनी केलं तर लवकर होईल."

मी त्याच्या हातातला स्टिकरांचा कागद काढून घेतला आणि चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकला. त्याच्या हातात एक निळं पेन दिलं. पहिली प्रत उघडून त्याच्या पुढ्यात ठेवली आणि त्या नावावर बोट ठेवलं.

"सगळ्यांत?" त्याने खोक्यांकडे बघत विचारलं.

"सगळ्यांत. सौ. खोड आणि तिथे डॉ. लिही," मी म्हटलं. "आणि मी मदत करणार नाही. अध्यक्ष तू आहेस."