तळ्यातलं उष्टं

मुजावरसाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पँट दुमडून, गुडघाभर पाण्यात उभं राहून तळाचा चिखल हुंगताना. साठीच्या गौरवग्रंथात असं लिहावं की नाही, ठाऊक नाही; पण आमच्या मत्स्य खात्यातले बाकीचे साहेब हुंगत ते फक्त चहा.

गोष्ट सतरा-अठरा वर्षांपूर्वीची. माझ्या नेमणुकीच्या कागदावर साहेबांची सही होती, गाठ पडलेली नव्हती. नोकरी अजून कच्ची. राधानगरी भागातल्या एका गावतळ्यात आम्ही कटला-रोहू माशांचं बी सोडलं होतं. मासे झपाट्यानं वाढावेत म्हणून मी माझ्या अकलेनं, पण खात्याच्या नावानं निरोप धाडून, शेंगपेंड दुप्पट घालायला सांगितली. गाव पडलं आपल्या जिल्ह्यातलं! ‘पावण्यास्नी उपाशी ठेवत्यात व्हय?’ म्हणत त्यांनी तिप्पट घातली. पंधरवड्यात पाणी हिरवंगार झालं, वास सुटला, आणि एका सकाळी मासे वर येऊन आ वासू लागले. गुरं पाण्याला तोंड लावेनात. मी घाबरून साहेबांना निरोप धाडला.

साहेबांनी चिखल हुंगला आणि काठावरच्या एका म्हातारीला विचारलं, “आत्याबाई, जेवणं झाल्यावर उष्टं काढता की न्हाय?”

“काढतो की! न्हायतर कुजंल.”

“मग माशांचं कोण काढतंय? तळाला कुजतंय, आणि पाण्यातली हवा खातंय.”

त्यांनी पेंड बंद करवली, पाटाचं ताजं पाणी आत घेतलं. पुढे पेंड टोपलीत घालून दोरीनं सोडायची, तासाभरानं वर ओढायची, उष्टं उरलं तर दुसऱ्या दिवशी कमी, असा त्यांचा शिरस्ता पडला. त्या दिवसांत जिल्ह्यात कुठल्याही तळ्यावर गेलो की लोक रामराम करायच्या आधी ‘उष्टं बघिटलं’ म्हणून सांगत. फार गोड दिवस होते ते.

पण त्या सकाळी सरपंच भडकले होते. “दुप्पट घाला म्हणून सांगितलं कुणी?” साहेब पँट पिळत म्हणाले, “माझीच चूक, सरपंच.” मी गप्प राहिलो. माझी नोकरी पक्की झाली. साहेबांनी पुन्हा तो विषय कधी काढला नाही.

त्या गावात आजही ‘मुजावरसायबांनी एकदा आमचं तळं नासवलं हुतं’ असं हसत सांगतात. साहेबही हसतात. मला मात्र लाज वाटते. हा ग्रंथ त्या गावच्या वाचनालयात जाणार आहे, म्हणून लिहितो: मंडळी, ती पेंड मी घालायला सांगितली होती. साहेबांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि त्यातल्या एकाही दिवशी त्यांना माझ्या चुकीचा बोल ऐकावा न लागो.