जर्सीचं जरा बघ

आमच्या गावच्या फुटबॉल क्लबचा साठ वर्षांचा इतिहास माझ्या आईने एका शुक्रवारी सकाळी भिजवला, घासला, पिळला आणि वाळत घातला.

दोष तिचा नाही. दोष 'बघणे' या क्रियापदाचा आहे, आणि थोडा माझा. (नवरा म्हणतो, थोडा नाही. नवऱ्याला कोणी विचारलेलं नाही.)

न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या वेशीवरच्या पापाकुराच्या पुढे, जिथे घरं संपून गाई सुरू होतात, तिथे आमचं गाव. मी इथल्या फार्मसीत काम करते, शिरीष घरी बसून कॉम्प्युटरशी भांडतो आणि आमची अकरा वर्षांची इरा क्लबच्या मुलींच्या टीममध्ये गोलकीपर आहे. क्लबचं नाव सांगत नाही, कारण मला तिथे अजून तोंड दाखवायचं आहे. तो कुठल्याही बड्या लीगमध्ये नाही. शनिवारी शेजारच्या गावांशी खेळायचं, बहुतेक वेळा हरायचं आणि नंतर दोन्ही टीमनी मिळून ब्रेडमध्ये गुंडाळलेली सॉसेज खायची, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. तर या क्लबला साठ वर्षं पूर्ण होणार होती. (मी फोनवर सांगितलं तेव्हा आईने विचारलं, "मग साठी शांत करणार का?") त्या निमित्ताने एक छोटंसं पुस्तक काढायचं ठरलं. मीटिंगमध्ये अध्यक्षीण शॅरनने विचारलं, क्लबचा इतिहास कोण लिहील? सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मीच तेवढी वर बघत होते, म्हणून तिने मलाच विचारलं. मी म्हणाले, "आय विल सी."

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे 'बघते' म्हणजे काय? बारशाला नक्की या हं. बघते. आमच्या भिशीत येतेस का? बघते. 'बघते' म्हणजे नाही. स्वच्छ, सभ्य, समोरच्याचं मन न दुखवणारं नाही. उभ्या डोंबिवलीला हे कळतं. शॅरन म्हणाली, "स्वीट ॲज!", म्हणजे इकडच्या भाषेत 'झकास', आणि माझं नाव वहीत लिहून मोकळी झाली.

ऑफसाइड म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आजही नाही. शिरीषने मला ते मिठाच्या आणि मिरपुडीच्या बाटल्या मांडून तीनदा समजावलं आहे, आणि तिन्ही वेळा मी फक्त बाटल्या जागेवर ठेवल्या.

इतिहास लिहायला घेतला आणि लक्षात आलं की तो फारसा नाहीच. पानामागून पान नुसतं हरलो, हरलो, पावसामुळे सामना रद्द, हरलो. सगळ्यात मात्र एक सामना असा, की ज्याच्या आठवणीवर क्लब आजवर तग धरून आहे. ऑकलंडच्या एका तगड्या टीमला आमच्या गावाने एकदा, फक्त एकदाच, एक विरुद्ध शून्यने हरवलं होतं. धो धो पाऊस, मैदानाचा नुसता राबडा, आणि शेवटच्या मिनिटाला आमच्या गोलकीपरने चिखलात सूर मारून बॉल रेषेवर अडवला. त्या गोलकीपरचं नाव ट्रेव्हर. त्या टीममधला आता तो एकटाच उरलाय. ऐंशी कधीच ओलांडली, गुडघे दोन्ही नवीन, तरी दर शनिवारी इराच्या गोलच्या मागे उभा राहून तिला शिकवतो. इरा त्याला 'ट्रेव्ह' म्हणते. मी दटावून पाहिलं, आजोबांच्या वयाच्या माणसाला असं म्हणतात का? "मम, दॅट्स हिज नेम," असं उत्तर मिळालं.

तर ट्रेव्हरची ती जर्सी, त्या दिवशीच्या चिखलासकट, क्लबच्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत टांगलेली होती. धुतलेली नाही, कधीच नाही. पहिला सामना खेळायला निघालेलं प्रत्येक पोर त्या काचेला हात लावून मैदानात उतरतं. पुस्तकासाठी तिचा फोटो हवा होता आणि काचेवर उजेड चमकत होता, म्हणून मी सहज म्हणाले, जरा बाहेर काढता आली तर. ट्रेव्हरने स्वतः पेटी उघडली, जर्सी दोन्ही हातांनी उतरवली आणि कापडी पिशवीत घालून माझ्या हातात दिली. "नीट सांभाळ तिला, लव्ह. शनिवारी जुबिलीला सगळ्यांना दाखवायची आहे. पुढच्या जुबिलीला मी काही नसेन." हे त्याने इतक्या सहज सांगितलं की मी पिशवी नकळत छातीशी धरली.

गुरुवारी मी फोटो काढले, पुस्तक छापायला पाठवलं. त्यात ऐटीत वाक्य टाकलं होतं, 'ती तपकिरी जर्सी घालून ट्रेव्हर इतिहासात उतरला.'

आता आईकडे येऊ. आई तीन महिन्यांसाठी आली होती आणि दुसऱ्याच महिन्यात तिची सगळी कामं संपली होती. आमच्या घरातल्या टाइल्सच्या फटीसुद्धा तिने टूथब्रशने घासून काढल्या होत्या. शुक्रवारी सकाळी मला उशीर झाला होता. एका हातात चहा, एक पाय बुटात, आणि मनात आलं, आईला आपला हा खजिना दाखवायचा राहिला. दारातून ओरडले, "आई, टेबलावर पिशवी आहे बघ. त्यातली जर्सी जरा बघ हं. उद्या न्यायची आहे."

माझ्या माहेरी 'बघ' म्हणजे डोळ्यांनी पाहा असा अर्थ आजवर कधी झालेला नाही. दुधाकडे बघ, म्हणजे उतू गेलं तर तुझी खैर नाही. भांड्यांचं बघ, म्हणजे घास. हे मला पाळण्यातच शिकवणाऱ्या बाईला मी 'जर्सी बघ' म्हणाले होते.

चार वाजता घरी आले तर मागच्या अंगणातल्या दोरीवर एक लिंबासारखी पिवळी जर्सी वाऱ्यावर मजेत डुलत होती.

"कोणाची ग ही?" मी विचारलं.

"कोणाची म्हणजे? तूच सांगून गेलीस ना," आई म्हणाली. "अगं मेधा, काय अवस्था करून ठेवली होती! तीनदा पाणी बदललं, तरी चहासारखं निघत होतं. शेवटी ब्रश घेतला. बघ, कुठे डाग दिसतोय का."

मी बघितलं, म्हणजे अगदी डोळ्यांनी. डाग कुठेच नव्हता.

मी पायरीवर बसले. आईला सगळं सांगितलं, सामना, सूर, ट्रेव्हर, काचेला हात लावणारी पोरं. आईचा चेहरा उतरत गेला. "म्हणजे त्या म्हाताऱ्याचं एवढं एकच होतं, आणि ते मी मोरीत घालवलं?" ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. मग मात्र मला माझाच राग आला. इतक्या वर्षांत या गावाने आपल्याला परकं वाटू दिलं नाही, आणि त्यांनी विश्वासाने दिलेली एक वस्तू आपल्याला एक दिवस जपता आली नाही. उद्या ट्रेव्हरसमोर कुठल्या तोंडाने उभी राहणार?

तेवढ्यात शिरीष खाली आला. त्याने जर्सी पाहिली, आमचे चेहरे पाहिले आणि शांतपणे म्हणाला, "मैदान तिथेच आहे, चिखलही तिथेच आहे. फोटो तुझ्या फोनमध्ये आहे." लग्नानंतर पहिल्यांदा मला त्याच्याबद्दल तांत्रिक आदर वाटला.

पाच मिनिटांत इरासकट आम्ही चौघं मैदानावर. आधी मी हाताने चिखल थापून पाहिला, पण ते शेण सारवल्यासारखं दिसायला लागलं. आई म्हणाली, "असं नाही होणार. तो पडला होता ना? मग कोणीतरी पडायलाच हवं." आम्ही तिघांनी इराकडे पाहिलं.

"सो आय गेट टु वेअर ट्रेव्हज जर्सी?" इराने विचारलं. तिला आनंद लपवता येत नव्हता.

जर्सी तिच्या गुडघ्यांपर्यंत आली. शिरीष फोनमधला फोटो मोठा करून बाजूला उभा राहिला, आणि बॉल मारायचं काम आईने मागून घेतलं, कारण चूक तिची, असं तिचं म्हणणं. साडीवर शिरीषचं जाकीट, पायात माझे गमबूट.

"आजी, किक इट प्रॉपर्ली!"

"प्रॉपर्लीच मारते आहे. तू नीट पड."

इरा पडली. "उजव्या कोपरावर कमी आहे," शिरीष ओरडला. "शिरीषराव, छातीवर बरोबर आलंय का ते बघा," आई ओरडली. इरा परत पडली. सातव्या किंवा आठव्या वेळी आईने पदर खोचला आणि अशी काही लाथ मारली की बॉल इराच्या डोक्यावरून थेट जाळ्यात! आईने दोन्ही हात वर केले. कुत्रं फिरवायला आलेल्या एका गृहस्थांनी थांबून टाळ्या वाजवल्या. मी त्यांना 'किया ओरा' म्हणून इकडचा नमस्कार केला आणि आम्ही इथे रोज हेच करतो असा चेहरा ठेवला.

घरी येऊन हेअर ड्रायरने जर्सी वाळवली. फोटोशी ताडून पाहिली तर हुबेहूब. म्हणजे आम्हाला तरी वाटलं.

शनिवारी दुपारी हॉल गच्च भरला होता. मी पिशवी ट्रेव्हरच्या हातात दिली. त्याने जर्सी बाहेर काढली, पाहिली, उलटून पाहिली. मग नाकाशी धरली. आणि तेव्हा मला आठवलं की आई शेवटच्या पाण्यात लॅव्हेंडरचं फॅब्रिक सॉफ्टनर घालते, अंदाजापेक्षा जरा जास्तच.

"लॅव्हेंडर," ट्रेव्हर म्हणाला.

मी सगळं कबूल केलं. इंग्रजी, मराठी, जे तोंडाला येईल त्यात. आई शेजारी हात जोडून उभी होती. ट्रेव्हरने जर्सी पुन्हा एकदा हुंगली. मग वाकला आणि हळूच म्हणाला, "मार्गचं आवडतं गुलाबाचं होतं."

मार्ग म्हणजे त्याची बायको, तिला जाऊन बरीच वर्षं झाली. सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने ती जर्सी उकळत्या पाण्यात टाकली होती. ट्रेव्हर गुपचूप मैदानावर जाऊन परत लोळून आला होता. पुढे एकदा हॉलचं छप्पर गळलं तेव्हा पुन्हा. म्हणजे मूळ चिखल सगळा मिळून एक दिवस टिकला होता.

"पण चिखल गोलसमोरचाच आहे ना?" त्याने विचारलं. "कोण पडलं?"

इराने हात वर केला.

"मी उजवीकडे पडलो होतो. तू डावीकडे पडलीस." त्याने जर्सीची बाही नीट केली. "पण छान पडलीस. आता यात तुझाही चिखल आहे. मी नसेन तेव्हा पुढच्या वेळी तूच पड." इराने मान डोलावली. आईला शब्द एकही कळला नव्हता, तरी तिनेच आधी डोळे पुसले. मग मी.

ट्रेव्हरने दोनच गोष्टी सांगितल्या. एक, हे क्लबमध्ये कोणाला सांगायचं नाही. (म्हणूनच मराठीत लिहिते आहे.) दोन, जर्सी तपकिरी नव्हती, पिवळी होती, पण छापलंच आहे तर राहू दे.

एवढ्यात शॅरन माइकवर आली. पुस्तकाबद्दल तिने माझं तोंडभर कौतुक केलं, आणि त्याच दमात विचारलं की यंदा सगळ्या टीमच्या जर्सींचं काम बघायला कोणी नाही, तर मेधा, तू बघशील का? हॉल माझ्याकडे बघत होता. जीभ माझीच, दोष कोणाला देणार. मी म्हणाले, "आय विल सी."

"स्वीट ॲज!"

"काय म्हणाली ग ती?" आईने कानाशी येऊन विचारलं.

"काही नाही. क्लबच्या सगळ्या जर्सी आता आपण बघायच्या आहेत."

आईने कोपऱ्यातल्या चिखलाने भरलेल्या जर्सींच्या चार थैल्यांवर नजर टाकली. "बघायच्या म्हणजे नक्की काय करायचं, ते या खेपेला आधी विचारून घे बाई तिला."

मी म्हणाले, "बघते."